कमरेतला खड्डा आणि जिभेवरचा खडा

तीर्थरूप दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. आठ अंगांपैकी दोन सध्या दुरुस्तीला गेलेली आहेत.) इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल, असं लिहायची रीत आहे, पण तिकडे ठीक नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण परवा वहिनींचा फोन येऊन गेला. तेव्हा ते वाक्य गाळते. वहिनींना नमस्कार सांग. तुझा खोकला, तुझी झोप, तुझ्या उजव्या कमरेतला ठणका आणि तुझा स्वभाव, यांतलं काय काय बरं आहे ते कळव. शेवटच्याची मी आशा सोडलेली आहे.

अक्षर बघून दचकू नकोस. मी एवढी सुधारलेली नाही. मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय, कारण माझा उजवा हात कोपरापासून अंगठ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, आणि चष्मा फुटलाय. (तो कसा फुटला ते पुढे येईल. त्यात माझी चूक नाही.) म्हणजे तिने कागदावर काय उतरवलं ते मला दिसत नाही, लिहून झालं की ती वाचून दाखवणार आहे. मुलगी सरळ आहे. मी सांगेन त्यापलीकडे एक शब्द लिहायची नाही. (लिहीन. मामा, नमस्कार. जिथे अगदीच राहवणार नाही तिथे कंसात लिहीन, आणि आईंना वाचून दाखवताना कंस गाळीन. — सून)

आता मुद्द्याचं. वहिनी सांगत होत्या, की मागे तुझ्या नडगीत जे हाड घातलं होतं ते धरलंच नाही, नडगी अजून जुळलेली नाही, आणि डॉक्टर म्हणतात पुन्हा हाड काढून घालावं लागेल, या खेपेला डाव्या कमरेतून. हे ऐकून तू म्हणे उठलास आणि तडक बाहेर चालायला लागलास. (आणि काठी आतच राहिली म्हणून दारातून परत आलास. रागावून निघून जायचं तर माणसाने आधी काठी घ्यावी, एवढंही कळू नये?) घरी येऊन वहिनींना बजावलंस, की पाय राहू दे असाच, पण माझ्या कमरेला आता कुणी हात लावायचा नाही, आणि चाक ज्याला हवं असेल त्याला देऊन टाका. चाक! अरे, ते तुझं भांडी घडवायचं चाक माझ्या शेडमध्ये आहे. माझ्या शेडमधली वस्तू फोनवरून देऊन टाकणारा तू कोण? तू जिथे सोडून गेलास तिथेच ते आहे, वर गोणपाट टाकलेलं, आणि गोणपाटावर मांजर झोपतं. मांजर सोडून त्याला कुणी हात लावत नाही.

तू मोठा, मी धाकटी. तुला उपदेश करायची माझी काय बिशाद? माझं काय काय झालं तेवढं फक्त सांगते, मनोरंजन म्हणून. (पुढे सगळा उपदेशच आहे. — सून)

मनगटाची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. वरच्या फळीवरून कप काढत होते. कप निसटला आणि त्याच्यामागे मी निसटले. पडताना माणसाला विचार करायला वेळ मिळत नाही म्हणतात, ते साफ खोटं आहे. मी दोन गोष्टी ठरवल्या: कप वाचवायचा, आणि तो डाव्या हाताने वाचवायचा, म्हणजे उजवा जमिनीवर टेकायला मोकळा राहील. दोन्ही जमलं. कपाला ओरखडासुद्धा नाही. मग उजेडात धरून बघितला तर त्याचा कान वाकडा! म्हणजे टाकाऊ मालातला, आणि तिथे वर ठेवलेला मीच. उजवं मनगट सुजलं. ते लचकलंय असं मी जाहीर केलं, आणि एकदा जाहीर केलं की मी माघार घेत नाही हे तुला माहीत आहे. आपल्या घराण्यात डोकं विचार करायच्या आत तोंड निकाल देऊन मोकळं होतं. लेप लावला, शेकलं, फडकं गुंडाळलं आणि कित्येक महिने त्याच हाताने माती मळली. शेवटी एक दिवस भरलेली किटली उचलायला गेले आणि किटली जागची हललीच नाही. तेव्हा सूनबाईने मला उचललं. (धरून नेलं. उचलणं शक्य नाही. — सून)

एक्स-रेमध्ये दिसलं, की मनगटातलं एक बारकंसं हाड, होडीच्या आकाराचं, मधोमध दुभंगलंय, आणि दोन तुकडे एकमेकांकडे पाठ करून बसलेत, वाटणी झालेल्या भावांसारखे. डॉक्टर वयाने तरुण, आवाज मऊ, बोटं सुताराची. त्यांनी त्याच मऊ आवाजात सांगितलं, की एवढे महिने न जुळलेलं हाड आता आपण होऊन जुळायचं नाही. मधे जिवंत हाडाचा तुकडा बसवावा लागेल, आणि तो तुमच्याच कमरेच्या हाडाच्या कडेवरून घेऊ.

दादा, कंबर म्हटल्याबरोबर तू माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिलास. उभा म्हणजे तुझ्या हल्लीच्या पद्धतीने, डावीकडे कललेला, पट्टा सैल सोडलेला, उजवीकडून कुणी जवळून गेलं की हाताचा आडोसा धरणारा. आठवतं ना, लोक तुला बघायला यायचे, बिचारे पायाकडे बघून हळहळायचे, आणि तू त्यांच्यावर खेकसायचास, की अहो पायाकडे काय बघताय, इथे बघा, इथे! मोडला पाय, आणि जन्माची बोंब कमरेची. ते सगळं आठवलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी नाही म्हणाले, पिशवी उचलली आणि चालायला लागले. (पाय धडधाकट असल्यामुळे मी तुझ्यापेक्षा बरीच लांब गेले.) सूनबाईने मला बसथांब्यावर गाठलं. (बसमध्ये. आणि बसही चुकीची होती. — सून)

तिने मला परत आणून त्याच खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, की आमच्या मामांची कंबर इतकी वर्षं का दुखते, आणि आईंची दुखू नये म्हणून तुम्ही काय करणार? हा प्रश्न खरं तर मला सुचायला हवा होता. तुलाही सुचायला हवा होता. पण आपण दोघं पळून जाणाऱ्यांतले. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगितलं. हाड काढलं की तिथे खड्डा राहतो. कडा उघड्या राहतात, वरचं मांस त्या खड्ड्यात ओढलं जातं, आणि पट्टा, कूस, पलंगाची कड, सगळं नेमकं तिथेच टेकतं. काहींचं दुखणं लवकर शमतं, काहींचं रेंगाळत बसतं. म्हणून आम्ही हल्ली तो खड्डा तसाच सोडत नाही, भरून घेतो. कशाने, मी विचारलं. सिरॅमिकने, ते म्हणाले.

अरे, मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते! जन्म गेला आपला माती भाजण्यात, आणि हा माणूस माझ्या तोंडावर मला सांगतो की भाजलेलं काहीतरी तुमच्या अंगात भरतो. मी म्हटलं, थांबा डॉक्टर, आता तुम्ही माझ्या आळीत आलात. मग मी त्यांना फैलावर घेतलं. कुठल्या भट्टीत भाजलं? किती आचेवर? किती वेळ निववलं? माती कुठली? बाहेर ताटकळलेली माणसं दार ढकलून डोकावायला लागली होती, पण माझं चालूच. ते बिचारे हसत हसत एक माहितीपत्रक काढून उत्तरं देत बसले. माती नव्हेच म्हणे ती. हाडात जो चुन्याच्या जातीचा क्षार असतो, तोच भट्टीत घालून त्याचे खडे करतात. आच आपल्या कपांच्या तोडीची. मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला: एवढं चांगलं आहे तर सरळ मनगटातच भरा की, कंबर कशाला कोरता? यावर त्यांच्याकडे उत्तर होतं. (मला वाटलं होतं नसेल.) मनगटातले ते दोन तुकडे रुसलेले आहेत, त्यांना जुळवायला जिवंत हाडच हवं, नुसते खडे भरून ते जुळायचे नाहीत. कमरेचं हाड धडधाकट असतं, तिथला खड्डा चारी बाजूंनी जिवंत हाडाने वेढलेला, तिथे खड्यांचं काम नुसतं जागा धरून ठेवायचं. बाकी काम हाड करतं, सावकाश आत शिरत.

आत कसं शिरतं, हे मात्र मला पटेना. भाजलेल्या वस्तूच्या आत कोण शिरणार? तेव्हा त्यांनी खणातून एक बारकी बाटली काढली, रोग्यांना दाखवायला ठेवलेली, आणि माझ्या तळव्यावर चार-पाच पांढरे खडे ओतले. मिरीच्या दाण्याएवढे. हलके. मी काय केलं असेल ते तुला सांगायला नको, तूच शिकवलंयस. एक उचलला आणि जिभेवर ठेवला.

चिकटला, दादा! असा चिकटला, की बोलता येईना. पहिल्या भाजणीतून निघालेला, झिलईचा चकचकीत लेप न लावलेला तुकडा कसा जिभेला धरतो, अगदी तस्सा. लहानपणी तू मला भट्टीच्या दाराशी उभं करून तुकडा जिभेवर ठेवायचास आणि सांगायचास, चिकटला म्हणजे त्याच्या अंगात भोकं आहेत, तो तहानलेला आहे, झिलई पिणार; आणि नाही चिकटला तर तो मेला, त्याला कितीही झिलई लाव, पोपडा धरून पडेल. मी जिभेवर खडा घेऊन डॉक्टरांकडे बघत राहिले आणि डॉक्टर माझ्याकडे. (मला वाटलं आईंना झटका आला. — सून) जीभ सुटल्यावर मी म्हटलं, आलं लक्षात. हाड याच भोकांतून आत शिरणार ना? ते म्हणाले, अगदी बरोबर. मी म्हटलं, मग कधी कोरताय बोला.

ते खडे मी मागून घेतले. डॉक्टरांनी बाटलीसकट दिले, मी जावं म्हणून. घरी आणून एक पाण्यात टाकला, तर बुडबुडे सोडत चहातल्या पावासारखा पाणी प्यायला. एक शेगडीच्या निखाऱ्यांत टाकला, जसाच्या तसा बाहेर आला. एक चपलेखाली धरून दाबला, त्याचं पीठ झालं. (या शेवटच्या प्रयोगामुळे आई रात्रभर जाग्या. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, कमरेच्या आत चप्पल घालून कुणी फिरत नाही. — सून)

आता ऑपरेशनचा दिवस. आदल्या रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा, असं बजावलेलं. तुला माझी भूक माहीत आहे. तरी मी पाळलं. सकाळी मला तो मागून उघडा झगा घातला, चाकाच्या खाटेवर निजवलं, आणि त्या बारक्या दिव्यांखाली एकटीला ठेवून सगळे कुठेतरी गेले. भीती वाटली, दादा. फार भीती वाटली. तुझी कंबर डोळ्यांपुढे यायला लागली. म्हणून मुठीत धरून आणलेला खडा मी पुन्हा एकदा जिभेवर ठेवला. (खडा कशाला आणला होता ते विचारू नकोस. तू पहिली भट्टी लावलीस तेव्हा खिशात काय काय ठेवलं होतंस ते मी कुणाला सांगितलंय का?) चिकटला. जीव थंड झाला. तेवढ्यात भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, काय आजी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?

मी दचकले. खडा गिळला गेला.

खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हणाले, हाड खाल्लं. त्या बाईंचा चेहरा बघायला हवा होतास. कसलं हाड, कधी, किती, शिजवलेलं की कच्चं? मी म्हटलं, भाजलेलं. मग तिथे जी धावपळ उडाली! कुणीतरी माझं पोट दाबून बघितलं, कुणीतरी कागदावर लिहिलं की रुग्णाने सकाळी मांसाहार केला आहे, आमचे चिरंजीव बाहेर कपाळाला हात लावून बसले, आणि डॉक्टरांना शोधून आणेपर्यंत माझी पाळी दुसऱ्याच कुणाला देऊन झाली होती. खरा प्रकार कळल्यावर डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या खेपेला मी उपाशी येईन, मुठी उघड्या ठेवून.

पुढच्या आठवड्यात खरोखरच मुठी उघडून बघितल्या आणि मगच आत घेतलं. त्यानंतरचं मला काही आठवत नाही, जागी झाले तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता आणि कमरेवर ही एवढी पट्टी. आता इथून पुढचं नीट ऐक, कारण तुझ्या कामाचं आहे. मी पहिली गोष्ट काय केली, तर पंखा बंद करायला लावला, खिडकी लावून घेतली आणि वर दोन पांघरुणं ओढली. भट्टी उघडायची घाई केली की आतला माल तडकतो. सावकाश निवू द्यावं. माझ्या हिशेबाने माझी कंबर नुकतीच भरलेली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाई उकाड्याने हैराण होऊन माझ्या नावाने बोटं मोडत होत्या. डॉक्टरांनी येऊन सांगितलं, की आजी, ते खडे भाजून, निववून, मगच आले आहेत, तुमच्या अंगात काही भाजणी चालू नाही. मी म्हटलं, असं आधी सांगायचं नाही का!

मग दुसऱ्या दिवशी व्यायाम करवून घेणारी मुलगी आली आणि म्हणाली, चला, उठून चालायचं. मी म्हटलं, अगं भरलेलं अजून ओलं असेल, मी उभी राहिले की सगळे खडे घरंगळून पायात उतरतील. ती म्हणाली, उतरणार नाहीत. मी म्हटलं, तू काय आत जाऊन बघून आलीस? तिने सरळ मला उभं केलं. चांगली जोरकस मुलगी आहे. मी घाबरून तिला मिठी मारली, माझा चष्मा पडला, आणि तिचा पाय त्यावर पडला. मोडतोड झाली ती तेवढीच. कमरेचं काही मोडलं नाही. मी न्हाणीघरापर्यंत गेले आणि परत आले.

दादा, दुखलं नाही. खरंच सांगते, मुळीच दुखलं नाही. (खोटं. पहिले दोन दिवस दुखलं. आई पांघरुणात तोंड घालून रडत होत्या आणि मला सांगत होत्या, दादाला सांगू नकोस. तिसऱ्या दिवशी कमी झालं. — सून) आता मी भरलेल्या कुशीवर झोपते. परवा झगा टाकून माझे कपडे घातले, कामाचा पट्टा नेहमीच्या भोकापर्यंत ओढून लावला. (एक भोक अलीकडे. पण लावला. — सून) काल सूनबाई दार लोटून आत आली ती नेमकी त्याच बाजूने मला धडकली, आणि आम्ही दोघी श्वास धरून उभ्या राहिलो, आता दुखेल, मग दुखेल. काही नाही. मी तिला म्हटलं, परत धडक. तिने धडक दिली नाही, पण आम्ही दोघी खूप हसलो. हसतानासुद्धा दुखलं नाही, आणि हसताना तुझं किती दुखायचं ते मी बघितलेलं आहे. तू हसायचंच सोडून दिलंस.

आता कान देऊन ऐक. मी डॉक्टरांना तुझी सगळी कथा सांगितली. (प्रत्येक भेटीत. त्यांना पाठ झाली आहे. — सून) ते म्हणाले, फोटो बघितल्याशिवाय मी काही कबूल करणार नाही, पण नडगी न जुळणं ही जगाबाहेरची गोष्ट नाही, आणि डाव्या कमरेतून हाड घेतलं तर तिथला खड्डा तुमच्यासारखाच भरून देता येईल. मी विचारलं, मग दुखणार नाही ना? तर तो मनुष्य, मऊ आवाजाचा असला तरी सरळ आहे, म्हणाला, सगळ्यांना सारखाच गुण येतो असं मी सांगणार नाही. दुखणं कमी व्हावं म्हणूनच भरतो, पुष्कळांचं कमी होतं, हमी मात्र देत नाही. मला जरा राग आला. मग वाटलं, आपण तरी गिऱ्हाईकाला कधी हमी दिली की भट्टीतून प्रत्येक कप सरळ निघेल? आणि कधी भट्टी लावायची थांबलो का?

एवढंच. बाकी तुझी मर्जी. तुला जबरदस्ती करणारी मी कोण? वहिनींना जप, त्या तुझ्यापायी वाळल्या आहेत. (आम्हाला फोटो पाठवला त्यात तशा दिसत नाहीत, पण आईंना हे वाक्य हवंच होतं. — सून) मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि जे माझ्यापेक्षा मोठे असून लहानांसारखे वागतात त्यांना दोन्ही.

तुझी आज्ञाधारक नसलेली,
धाकटी

ता. क. गुरुवारची वेळ घेऊन ठेवली आहे. सकाळची. तुझ्या नडगीचे सगळे फोटो घेऊन ये, पहिल्या ऑपरेशनच्या आधीचेसुद्धा. तुझ्या नावाने नाव नोंदवलंय, आता नाही आलास तर डॉक्टरांसमोर माझं नाक कापलं जाईल, आणि त्याच्या जागी भरायला हाड परत कमरेतूनच काढतील.

ता. क. काठी घेऊन ये. पळून जाताना लागेल.

ता. क. पाकिटात कागदाच्या पुडीत एक खडा ठेवलाय. डॉक्टरांनी दिलेल्यांपैकी शेवटचा, तुझ्यासाठी जिवापाड जपून ठेवला होता. मला काही सांगू नकोस, मला काही विचारू नकोस. नुसता जिभेवर ठेव. चिकटला तर गुरुवारी ये. नाही चिकटला तर चाक खुशाल देऊन टाक, मी अडवणार नाही.

ता. क. (मामा, हे आईंना वाचून दाखवणार नाही. बाकीचे प्रयोगांत संपले, आणि शेवटचा खडा तोच होता, जो त्यांनी खाटेवर गिळला. पुडीतला तुकडा आपल्या भट्टीतला आहे. तुमच्याच हातच्या एका बिनझिलईच्या फुटक्या वाडग्याचा काठ हातोडीने फोडून आईंनी त्यातला छोटा तुकडा निवडला आणि कानशीने गोल केला, डाव्या हाताने, सगळी दुपार. तेव्हा तो चिकटेलच. आणखी एक. तुम्ही गेल्यापासून आई भट्टी पेटवत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, अर्धी रिकामी भट्टी पेटवू नये, माल वाकडा होतो. तुमच्यासाठी खालची खोली झाडून ठेवली आहे, पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. — सून)

ता. क. हे माझं अक्षर आहे. वाकडं आहे कारण अंगठा प्लास्टरमध्ये आहे आणि पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरलंय. पण उजव्या हाताने लिहितेय, बघून घे. नवा चष्मा आत्ताच आला. पाकीट चिकटवायच्या आत सगळं पत्र वाचून काढलं, कंसांसकट. सुनेला म्हटलं, तुझ्याशी नंतर बोलते. पण एकही कंस खोडला नाही, कारण एकही खोटा नाही. रडले, दादा. दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी थांबले. खडा तुझ्याच वाडग्याचा आहे. गोणपाट काढलंय, मांजराला टोपलीत बसवलंय, ते रुसलंय. ये.